तिसरी हाक

भवतोष सान्यालला कथा सुचतात कुठून, असं कुणी विचारलं की तो चष्मा पुसत म्हणायचा, "बाजारात जातो, वांगी घेतो, घरी येतो. पिशवी रिकामी केली की तळाशी कथा असते." हुगळीकाठच्या चुंचुड्याच्या साहित्य सभेत या वाक्याला हमखास टाळ्या पडत. वाक्य खोटं नव्हतं. वांगी तो विकत घ्यायचा आणि कथा उचलायचा, एवढा बारीक फरक तेवढा सांगायचा राहून जाई.

उचलण्यात मात्र त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. मुलांच्या शाळेत भूगोल शिकवायचा. पन्नाशी उलटलेली, लग्न केलेलं नाही. शाळा सुटली की नाडूच्या टपरीवर मातीच्या भांड्यातला चहा घेऊन बसायचा आणि कान टवकारायचा. कुणाचा कुणाशी अबोला आहे, कुणाची सून माहेरी गेली ती सामानासकट की नुसतीच, घाटावर अंघोळ करता करता कोण हळूच रडून घेतं, सगळं त्याला ठाऊक. लोकांना वाटायचं, मास्तर गरीब स्वभावाचा आहे, बिचारा सगळ्यांचं ऐकून घेतो. ऐकून घेत होता हे खरं. पण घेत होता.

घरी होती मेजदी, म्हणजे मधली बहीण. थोरली लग्न होऊन सिलिगुडीला गेली ती तिकडचीच झाली. भवतोषच्या जन्मातच आई गेली, तेव्हा मेजदी परकरातली पोर होती. तिने भावाला कापसाच्या बोळ्याने दूध पाजून जगवलं. पुढे कुणी तिच्या लग्नाचं काढलं की ती विचारायची, "आणि याला काय शिंक्याला टांगून जाऊ?" असं विचारता विचारता तिचे केस पिकले.

बंगाल्याला नावं दोन. एक भलं नाव, शाळेच्या दाखल्यावर आणि लग्नाच्या पत्रिकेत मिरवायचं. दुसरं डाकनाव, घरच्यांनी बोलावायचं. डाक म्हणजे हाक. कोर्टात सगळे ज्याला लवून नमस्कार करतात त्या न्यायाधीशाला त्याची आई 'गोबरा' म्हणते आणि तो निमूट ओ देतो. भवतोष जन्मला तो इवलासा, नुसती हाडं. मेजदी त्याला बघून म्हणाली, "अगं बाई, हा तर ट्यांगरा!" ट्यांगरा म्हणजे तळ्यातला बारका, काटेरी मासा. नाव चिकटलं ते चिकटलंच. त्या दिवसापासून मेजदीने ट्यांगरा खाणं सोडलं. रोहू यायचा, पाबदा यायचा, पावसाळ्यात इलिश यायचा. ट्यांगरा घराची पायरी चढला नाही. कोळीण फारच मागे लागली तर मेजदी कानांना हात लावायची. "भावाचं नाव ते. ताटात कसं वाढून घेऊ?"

त्या नावाने बोलावणारी माणसं एकेक करून संपली. बाप गेला, काका गेले, आत्या गेल्या. थोरली तर दूर; राहिली एकटी मेजदी. आणि ती हाक मारायची ती तीनदा. "ट्यांगरा! ट्यांगरा!" मग थोडं थांबायची, श्वास घ्यायची, आणि तिसरी लांबवायची, "ट्यांगराऽ रे!" याला कारण निशी, रात्री हाका मारत फिरणारी भुतीण. निशी आपल्या माणसाच्या आवाजात बोलावते. ओ दिली की माणूस उठतो आणि तिच्यामागे चालू लागतो, मग पुढे रान असो की तळं. पण तिला हाका दोनच येतात. तिसरीला लागणारा जीव तिच्यात नसतो. म्हणून शहाण्या माणसाने तिसरी हाक ऐकल्याशिवाय तोंड उघडू नये, आणि शहाण्या माणसाने घरच्यांना तीनदा बोलवावं.

"अगं, निशी रात्रीची," भवतोष कुरकुरायचा. "तू भर दुपारी जेवायला बोलावतेस."

"भर दुपार काय कमी असते? सगळं गाव भात खाऊन घोरतं, रस्त्यावर कुत्रं नसतं. मध्यरात्रीत आणि तिच्यात फरक काय? ऊन तेवढं जास्त. बस पाटावर."

पहिली गोष्ट घडली ती नाडूची. नाडूला चहा ओतताना शिट्टी वाजवायची सवय. किटली उंच जायची, धार पडायला लागली की शिट्टी सुरू, भांडं भरलं की बंद. भवतोषने ती उचलली. टपरीचं मिठाईचं दुकान केलं, चुंचुड्याचं बर्धमान केलं, आडनाव बदललं. डाकनाव मात्र होतं तेच राहू दिलं. नाडू म्हणजे खोबऱ्याचा लाडू, आणि त्या गोल गरगरीत माणसाला दुसरं नाव शोभेना. गावच्याच एका त्रैमासिकात कथा आली. टपरीवर कुणीतरी ती मोठ्याने वाचली, नाडूने खूश होऊन सगळ्यांना चहा पाजला.

पुढे कधीतरी भवतोषला जाणवलं की टपरीवर काहीतरी कमी आहे. धार पडत होती, बाकी शांत होतं.

"नाडू, शिट्टी का रे बंद? दात काढून घेतलेस की काय?"

"कसली शिट्टी, मास्तरमोशाय?"

"तू वाजवतोस ती. चहा ओतताना."

नाडू खो खो हसला. "ती तुमच्या गोष्टीतला नाडू वाजवतो. मला कुठली यायला?" त्याने ओठांचा चंबू करून फुंकून दाखवलं. नुसती हवा आली.

थट्टा करतोय मेला, असं म्हणून भवतोषने विषय सोडला.

मग खेंदीमावशी. ती पलीकडच्या घरात एकटी राहायची. मुलगा जहाजावर नोकरीला गेला होता. जहाज परत आलं, मुलगा उतरला नाही. मावशी रोज संध्याकाळी त्याच्या चपला पुसून पायरीवर ठेवायची, टाचा रस्त्याकडे, म्हणजे माणूस नुकताच काढून आत गेलाय असं दिसावं. सकाळी उचलून आत न्यायची. भवतोषने वर्षानुवर्षं हे खिडकीतून पाहिलं होतं, आणि कथा शोधायला मात्र घाटावर आणि बाजारात हिंडत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! एका रविवारी त्याने ती लिहून काढली. बाईचं नाव बदलून पाहिलं, पण दुसऱ्या कुठल्याही नावाची बाई त्या पायरीपर्यंत चालतच येईना. शेवटी खेंदीच ठेवलं.

कथा गाजली. चार दिवसांनी पलीकडच्या पायरीवर चपला नव्हत्या. मेजदीनेच कुंपणावरून विचारलं.

"खेंदी, चपला गं?"

"कुठल्या? त्या जुन्या होय? भंगारवाल्याला दिल्या. कुणाच्या होत्या देव जाणे, उगाच घरात पडलेल्या." आणि खेंदीमावशी उन्हात डाळीच्या वड्या घालायला बसली. तिच्या कपाळावर एक आठी नव्हती. मेजदी बराच वेळ तिच्याकडे बघत उभी राहिली.

त्या संध्याकाळी ती विळीवर भोपळा चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "माणसाचं डाकनाव छापू नये, ट्यांगरा."

"का म्हणून?"

"भल्या नावामागे काय असतं? कागद. डाकनावामागे माणूस उभा असतो. नाव ओढलंस की तो हातात येतो."

भवतोष वरकरणी हसला. "धरून चाल तसं झालं. तिचं दुःख गेलं, मेजदी. वाईट काय झालं?"

मेजदीचा हात थांबला. "दुःख कुठलं गेलं? पोरगा गेला. आधी जहाजाने नेला, आता तू."

तो रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला. सकाळी उठून त्याने देवघरासमोर कानाची पाळी धरली, की यापुढे खरं डाकनाव कागदावर आणणार नाही. आणि नेमक्या त्याच आठवड्यात कोलकात्याहून नृपेनबाबूंचा फोन आला.

नृपेनबाबू एका मोठ्या मासिकाचे संपादक. बंगालात दुर्गापूजेला एकवेळ नवी साडी नसली तरी चालेल, पूजा-अंक घरात हवा. आणि त्या अंकात ज्याची कथा तो लेखक, बाकीचे आपले लिहिणारे. भवतोष तीस वर्षं लिहिणारा होता. नृपेनबाबू म्हणाले, "तुमची खेंदी वाचली. अंगावर काटा आला हो. यंदा पूजेसाठी द्या काहीतरी." मास्तर फोन ठेवून स्वयंपाकघरात गेला आणि म्हाताऱ्या बहिणीला उचलून गरकन फिरवलं. "सोड मेल्या, कंबर मोडशील," ती ओरडली, पण तिचेही डोळे भरून आले होते.

त्याने लिहिलं. डाकनावं सगळी मनाची, स्वच्छ, कुणाचीही नसलेली. कथा परत आली. सोबत निरोप: भाषा सुरेख आहे, पण माणूस कुठे आहे? दुसरी पाठवली, तीही आली. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी त्या कथांची गत होती. श्रावण संपेपर्यंत थांबतो, असं नृपेनबाबूंनी कळवलं, आणि श्रावण तर संपत आला होता.

तो पुन्हा बाजारात गेला, घाटावर गेला. पण आता गावाला कुणकुण लागली होती. कोण म्हणालं, कसं पसरलं, कळायला मार्ग नाही. भवतोष टपरीवर आला की बाकावरचे लोक एकदम दाखल्यावरच्या नावांनी बोलायला लागत. "प्रभातरंजन, जरा सरकता का?" "सरकतो की, ज्योतिरिंद्रनाथ." जन्मभर एकमेकांना पोल्टू आणि फटिक म्हणणारी माणसं! बायका पोरांना नुसतं "ए" म्हणून बोलवत. एका गल्लीत एक आई त्याला येताना पाहून पोराचं तोंडच पदराने झाकून आत घेऊन गेली. भवतोषला हसूही आलं आणि मान खाली घालून घरी पळावंसंही वाटलं.

तो पळालाच. दार लोटून अंगणात आला, तेव्हा सगळी आळी भातावर झोपलेली. चुलीपाशी पळी वाजली आणि आतून आवाज आला, "ट्यांगरा! ट्यांगरा!" थोडी शांतता. मग, "ट्यांगराऽ रे!"

भवतोष अंगणात तसाच उभा राहिला. कथा उभीच होती, पहिल्यापासून. एक काटकुळा मुलगा, त्याला वाढवणारी बहीण, तीन हाका.

आता माणूस स्वतःची समजूत कशी घालतो बघा. बहिणीचं डाकनाव बुंची. ते तो घालणार नव्हता. कथेत ती टुनी असेल. म्हणजे तिच्या केसालाही धक्का नाही. ट्यांगरा हे नाव तर त्याचं स्वतःचं. आपल्याच घरात चोरी कसली? गेलं तर आपलंच काहीतरी जाईल, आणि पूजा-अंकासाठी आपलं काहीही गेलं तरी चालेल. मास्तर जगाचा भूगोल शिकवायचा, पण आपलं नाव कुणाच्या तोंडात राहतं एवढं साधं त्याला कळलं नाही. डाकनाव ज्याला पडतं त्याचं नसतंच. त्याला स्वतःला कधी ते वापरायची वेळ येते? ते हाक मारणाऱ्याचं असतं.

तो दुपारभर लिहीत बसला. मेजदी लिंबाचं सरबत घेऊन आली.

"काय लिहितोयस एवढं?"

"कथा."

"कुणाची?" तिने डोळे बारीक केले.

"माझीच."

"मग लिही. स्वतःचं काय वाटेल ते लिही," ती म्हणाली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवून गेली.

नृपेनबाबूंनी ती कथा एका बैठकीत वाचली आणि अंकात पहिली घातली.

अंक निघायच्या दिवशी भवतोष कोलकात्याला निघाला. "येतो गं," म्हणाला, तिने "दुर्गा दुर्गा" म्हणून निरोप दिला. तो वळणापर्यंत गेला असेल, तोच मागून हाका आल्या, तीनही, पूर्ण लांबवलेल्या. सकाळची वेळ, रस्त्यावर त्याचे विद्यार्थी. मागे वळून तो खेकसला, "अगं, एकदा मारलीस तरी ऐकू येतं मला! मी काय बहिरा आहे?"

ती छत्री घेऊन धापा टाकत आली होती. "ढग आहेत म्हणून," एवढंच म्हणाली. छत्री त्याच्या हातात दिली आणि परत फिरली.

कोलकात्यात त्याचं कौतुक झालं. चार मोठ्या लोकांनी पाठ थोपटली, एका मित्राकडे मुक्काम झाला, आणि दुसऱ्या दिवशी बगलेत अंक घेऊन तो ऐन दुपारी घरी आला. फाटकाची कडी मुद्दाम जोरात वाजवली. आतून काही आवाज नाही. चुलीपाशी पळी वाजत होती. तो अंगणात वाट बघत उभा राहिला, मग स्वतःच आत गेला.

मेजदीने वळून पाहिलं. पदर नीट केला. "आलात? हातपाय धुऊन घ्या. पान वाढते."

भवतोषला वाटलं, फिरकी घेतेय. "वा! एका कथेत मी अहो-जाहोचा झालो?"

"मग काय म्हणू?" तिने खरंच विचारलं.

"जे म्हणतेस ते म्हण."

ती जरा विचारात पडली. "भवतोष," म्हणाली. जन्मात पहिल्यांदा. आणि तेही चाचपडत, पाहुण्याच्या घरचं भांडं उचलावं तसं.

जेवण झाल्यावर तिने चष्मा लावून कथा वाचली. तो समोर बसून तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. वाचता वाचता तिने दोनदा डोळे पुसले. मग अंक मिटून, वर हात ठेवून म्हणाली, "फार छान लिहिलंय हो तुम्ही. किती माया त्या बाईची! हा ट्यांगरा कुणाचा भाऊ?"

डॉक्टर येऊन गेले. त्यांनी तिला नाना प्रश्न विचारले. पुराचं साल तिला आठवत होतं, मेलेल्या सगळ्या आत्यांची नावं आठवत होती, तेलाचा भाव तिने डॉक्टरांनाच दुरुस्त करून सांगितला. हा कोण? हा माझा धाकटा भाऊ, भवतोष, शाळेत मास्तर आहे. अगदी बरोबर. डॉक्टर म्हणाले, "ठणठणीत आहेत. तुम्हीच दगदग कमी करा."

एके दिवशी त्याने तिच्यासमोर बसून, तिचे दोन्ही हात धरून सांगितलं, "मेजदी, मला ट्यांगरा म्हण."

तिला संकोच वाटला, पण माणूस एवढं काकुळतीने मागतोय म्हणून तिने म्हटलं, "ट्यांगरा." बाजारात भाव विचारतात त्या आवाजात. भवतोष उठून अंगणात गेला आणि तोंडात पंचा कोंबून रडला.

तिकडे वाचकांची पत्रं येत होती. कूचबिहारहून, आसनसोलहून, कुठून कुठून. सगळ्यांचा सूर एकच: वाचताना ती हाक कानात ऐकू येते हो. अगदी शेजारच्या खोलीतून आल्यासारखी. एकाने लिहिलं होतं, माझी आई वारून बरीच वर्षं झाली, काल रात्री वाचून मी उगाच दार उघडून पाहिलं. पूर्वी असं पत्र आलं असतं तर मास्तरने सभेत वाचून दाखवलं असतं. आता तो ती न वाचताच उशीखाली सारायचा. त्याने दुसरी कथा लिहून पाहिली, ज्यात बहिणीला सगळं परत आठवतं. ती कथा नुसतीच कागदावर राहिली. कुंपणानेच शेत खाल्लेलं. आता पेरून काय उगवणार होतं?

आणि मग कोजागरीच्या लक्ष्मीपूजेनंतरच्या एका दुपारी त्याला ती ऐकू आली.

आळी झोपली होती. मेजदी आतल्या खोलीत चटईवर आडवी होती, तिचा घोरण्याचा बारीक आवाज येत होता. घरामागच्या तळ्याच्या बाजूने कुणीतरी बोलावलं, "ट्यांगरा! ट्यांगरा!" तिचाच आवाज. तरुणपणचा, परकरातल्या पोरीपासून ते परवापरवापर्यंतचा, सगळा एकात. भवतोषच्या जिभेवर 'ओ' आली होती. त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि तिसरीची वाट पाहिली. तळ्यावरून पाणकोंबडी फडफडली. तिसरी आली नाही.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. आणि त्यानंतर रोज. दोन हाका, मग ती ओळखीची शांतता, श्वास घेण्यापुरती, आणि पुढे काही नाही. तो शाळेतून मुद्दाम दुपारी घरी यायला लागला. आधी भीतीने कानात बोळे घालायचा. मग बोळे काढले. मग मागच्या खिडकीपाशी खुर्ची नेऊन ठेवली. तोंड मिटून बसायचा आणि ऐकायचा. दिवसातून तेवढंच एक काहीतरी त्याच्यासाठी होतं, असं त्याला वाटायला लागलं होतं.

कालीपूजा झाली, भाईफोंटा आला, म्हणजे बंगालची भाऊबीज. त्या दिवशी बहीण उपाशीपोटी चंदन उगाळते, डाव्या करंगळीने भावाच्या कपाळी टिळा लावते आणि यमाच्या दारात काटा रोवते, की इथून माझा भाऊ आत जायचा नाही. मेजदीचा हा सण आयुष्यात कधी चुकला नव्हता. एकदा भवतोषला देवी आल्या होत्या, तेव्हा तिने भिंतीला टिळा लावून अन्न घेतलं होतं.

यंदाही तिने सगळं साग्रसंगीत मांडलं. आसन, दिवा, दूर्वा, संदेश मिठाईचं ताट. भवतोष नवं धोतर नेसून बसला. तिने टिळा लावला, मंत्राचे शब्द म्हटले. शब्द सगळे बरोबर होते. पण दरवर्षी 'भावाच्या' म्हणताना ती हळूच 'माझ्या ट्यांगराच्या' म्हणायची आणि शेजारणी हसायच्या. यंदा ती 'भावाच्या' म्हणाली आणि पुढे गेली. खेंदीमावशीने शंख फुंकला. यमाच्या दारात काटा पडला असेल तर असो. कुणाच्या नावाचा, हे त्या दारवानाला कळायला हवं ना.

दुपारी शेजारणी आपापल्या घरी गेल्या. मेजदीने केळीचं पान मांडलं, भात वाढला, मूगडाळ, पाच तऱ्हेची भाजी. शेवटी झाकलेली कढई आणली. "आज मुद्दाम आणलंय तुमच्यासाठी," ती आनंदाने म्हणाली. "कोळीण रोज म्हणते घ्या घ्या. आम्ही आपले कधीच आणत नाही. का आणत नव्हतो कोण जाणे!"

झाकण काढलं. मोहरीचा वास आला. वांग्याच्या फोडींत बारके, काटेरी मासे, मिशा तशाच.

"ट्यांगरा," मेजदी म्हणाली. "मी सकाळी चव बघायला एक खाल्ला. गोड मासा आहे. काटे तेवढे जपून हं."

तिने दोन मासे त्याच्या पानात वाढले. भवतोष पानाकडे बघत राहिला. त्याला तिच्यावर राग आला नाही, रडूही आलं नाही. एवढंच वाटलं, की आता या घरात त्याला कुणी ओळखत नाही, आणि तो स्वतः कागदावर लिहून ते करून बसला आहे.

मागच्या तळ्याकडून आवाज आला.

"ट्यांगरा!"

भाताचा घास त्याच्या हातात होता.

"ट्यांगरा!"

मग ती शांतता. श्वास घेण्यापुरती. मेजदी समोर बसून पंख्याने माश्या वारत होती; तिला काही ऐकू आलं नसावं, किंवा ऐकूनही ते नाव तिच्या ओळखीच्या कुणाचं नव्हतं. भवतोषने तिच्याकडे पाहिलं. ओठांकडे पाहिलं. थोडा आणखी थांबला, नेहमीपेक्षा जास्त. तिसरी हाक आली असती तर ती तिथूनच यायची होती, आणि तिथून ती येणार नव्हती.

त्याने घास पानात ठेवला, हात झटकला आणि उठला.

"अहो, काय झालं? मीठ कमी आहे का?" मेजदीने विचारलं.

"आलो, मेजदी," भवतोष म्हणाला. मागच्या दाराकडे तोंड करून, मोठ्याने, लहानपणी द्यायचा तशी ओ.

"मी कुठे बोलावलं?" ती पानामागून गोंधळून म्हणाली. "जेवून तरी जा."

मागचं दार उघडून तो बाहेर पडला होता. मेजदीने थोडा वेळ वाट पाहिली. मग माश्या बसतील म्हणून तिने त्याच्या पानातले मासे उचलून कढईत परत टाकले आणि वर झाकण ठेवलं.